जहाज धक्क्याला लागलं की मी एकटीच उतरू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. वय ६१. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक भूगोल शिकवण्यात गेली. मुलगा आणि सून न्यू जर्सीला असतात. येत्या हिवाळ्यात ते दोघं यांना आणि सुनेच्या आईवडिलांना घेऊन सान हुआनहून (हे पोर्तो रिकोत, म्हणजे अमेरिकेच्याच ताब्यातल्या बेटावर) निघणाऱ्या आठवड्याभराच्या क्रूझवर जाणार आहेत. जहाज एक दिवस बार्बेडोस या कॅरिबियन बेटावर थांबतं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्या दिवशी मुलानं सगळ्यांसाठी कॅटामरान बोटीची सहल ठरवली आहे: खोल पाण्यात पोहणं, समुद्री कासवं, बोटीवरच जेवण. बाईंना पोहता येत नाही. त्यांना बेट बघायचंय, आणि एकटीनं बघायचंय. २९ जून २०२४ च्या रात्री टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी यजमानांसोबत जागून पाहिला, तो बार्बेडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर झाला होता. ‘हे मैदान एकदा बघायला पाहिजे,’ असं यजमान तेव्हा म्हणाले. सहा महिन्यांनी ते गेले. बाईंनी वहीत अकरा ठिकाणांची यादी केली आहे आणि ती पत्राला जोडली आहे. मुलाला मात्र अजून काहीच सांगितलेलं नाही. ‘एवढा खर्च करून नेतोय आणि मी तिथे वेगळी चूल मांडते असं त्याला वाटेल. विहीणबाई काय म्हणतील? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. गुडघाही कुरकुरतो. हा हट्ट सोडून द्यावा का?’ असं त्या विचारतात.

बाई,

तुमच्या विद्यार्थ्यांसारखी मीही तुम्हाला बाईच म्हणते. पत्रात तुम्ही ‘हट्ट’ हा शब्द चार वेळा लिहिला आहे. पोहता न येणाऱ्या बाईला पोहण्याच्या सहलीला जायचं नाही, यात हट्ट कुठे आला? बोटीवर काय होईल ते मला दिसतंय. मुलगा पाण्यात उतरेल, सूनबाई उतरतील आणि तुम्ही सावलीतल्या बाकावर सगळ्यांचे टॉवेल, चष्मे, मोबाइल मांडीवर घेऊन बसाल. आपण बायका इतकी वर्षं हे करत आलोय की त्यात काही वावगं वाटेनासं झालंय. पण तुमच्या मुलाला ते वाटेल. दर दहा मिनिटांनी तो वर डोकावून विचारेल, ‘आई, बरी आहेस ना?’ तुम्ही वेगळ्या गेलात तर त्याच्या आनंदावर विरजण पडेल हे तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही बाकावर बसून राहिलात तर पडणार नाही, असं कशावरून?

त्याला अपमान वाटेल असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, त्याला काळजी वाटेल आणि तीही अगदी ठोस. जहाज कुणासाठी थांबत नाही. क्रूझ कंपनीनं स्वतः आखलेली सहल उशिरा परतली तर जहाज तिची वाट बघतं. आपले आपण उतरलेले प्रवासी वेळेत आले नाहीत तर ते निघून जातं, आणि मग पुढचं बेट स्वतःच्या खर्चानं विमानानं गाठावं लागतं. तुम्ही ‘मी एकटी जाऊ का रे?’ असं विचारलंत की त्याच्या डोळ्यांपुढे हेच उभं राहील आणि तो नको म्हणेल. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं. म्हणून प्रश्न घेऊन त्याच्याकडे जाऊ नका, ठरलेला दिवस घेऊन जा. कुठे जाणार, कशानं जाणार, किती वाजता परतणार आणि अडचण आली तर काय करणार, हे त्याला सांगा. वर्गाची सहल नेण्याआधी तुम्ही पालकांची सभा घेत असालच. तसंच हे.

आता यादीकडे येते. ती मी तुम्ही लिहिलीत त्याच क्रमानं वाचली. पूर्व किनाऱ्यावरचं बाथशेबा पहिलं, खाली दोन रेघा. मग हॅरिसन्स केव्ह, हंट्स गार्डन, गन हिल, सेंट निकोलस ॲबी, मॉर्गन लुईसची पवनचक्की, उत्तर टोकाची ॲनिमल फ्लॉवर केव्ह. केन्सिंग्टन ओव्हल आठवं. शेवटी राजधानी ब्रिजटाउनमधलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), जुनी लष्करी छावणी गॅरिसन आणि ऑइस्टिन्स.

पत्रात सगळा भर यजमानांच्या इच्छेवर आणि यादीत त्यांचं मैदान आठवं. हा तुमचा दोष म्हणून सांगत नाही, उलट वाचून मला बरं वाटलं. बाथशेबाच्या पुढे तुम्ही कंसात लिहिलंय, ‘अटलांटिक, व्यापारी वारे’. ३१ वर्षं फळ्यावर ज्या वाऱ्यांचे बाण काढलेत ते अंगावर घ्यायचेत, ही इच्छा तुमची स्वतःची आहे. मैदान बघण्याची इच्छा यजमानांची, ती बायको म्हणून तुमची झाली. या दोन इच्छा वेगळ्या आहेत, दोन्ही चांगल्या आहेत आणि दोन्ही एका दिवसात मावतात. पण ‘त्यांच्यासाठी जातेय’ हे कारण पुढे केलं तरच आपल्याला एकटीनं जाण्याची मुभा मिळेल, असं कुठेतरी मनात आहे का, ते बघा. असेल तर मुलाशी बोलताना आधी बाथशेबाचं नाव घ्या. ‘मला अटलांटिक बघायचाय’ एवढं वाक्य पुरेसं आहे, त्याला वडिलांच्या आठवणीचा टेकू द्यायची गरज नाही.

अकरा ठिकाणं होणार नाहीत. बेट लहान आहे खरं: लांबी ३४ किलोमीटर, रुंदी २३, क्षेत्रफळ सुमारे ४३२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा थोडं कमीच. पण उसाच्या शेतांमधून जाणारे रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत, आणि शहराच्या तोंडाशी वाहनांची गर्दी असते. जहाज आठला लागलं तरी तुमचं पाऊल धक्क्यावर पडेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. सहाला सुटणार असेल तर आत यायची शेवटची वेळ साडेपाच धरा, आणि एकटीनं उतरलेल्या माणसानं चारलाच बंदरात असावं. हाती सात तास उरतात. सात तासांत अकरा ठिकाणं बसवलीत तर लक्षात राहील ती टॅक्सीची खिडकी. ऑइस्टिन्सचा मासळीबाजार गाजतो तो शुक्रवार रात्रीच्या मेजवानीसाठी, तेव्हा तुमचं जहाज समुद्रात असेल. उत्तर टोक लांब. ॲबी म्हणजे १६५८ च्या सुमारास बांधलेला उसाच्या मळेवाल्याचा वाडा, सुंदर आहे, पण तो निवांत बघायचा. ही सगळी पुढच्या वेळेसाठी राहू द्या. पुढची वेळ आली नाही तरी चालेल. तुम्ही दोन ठिकाणं नीट बघा: सकाळी बाथशेबा, दुपारी ओव्हल आणि त्याच्या आसपासचं शहर.

क्रम हाच ठेवा. लांबचं आधी, बंदराजवळचं शेवटी. जहाजावरून एक दिवस उतरणाऱ्या कुणालाही, कुठल्याही बेटावर, मी पहिल्यांदा हेच सांगेन. सकाळी काही बिघडलं तर सावरायला अख्खा दिवस असतो. दुपारी तीनला बेटाच्या दुसऱ्या टोकाला गाडी बंद पडली तर हाती काही उरत नाही.

बाथशेबाला जायचे तीन मार्ग आहेत. पहिला, क्रूझ कंपनीचीच पूर्व किनाऱ्याची बससहल. एकटीचं तिकीट मिळतं, जहाज सुटण्याची धास्ती नाही, मुलगा निश्चिंत. गुडघ्याचं दुखणं तेव्हा जोरात असेल तर हीच घ्या, त्यात कमीपणा नाही. पण चाळीस जणांच्या घड्याळावर चालावं लागतं. बाथशेबाला उतरवतील, फोटो काढायला वीस-पंचवीस मिनिटं देतील आणि शिट्टी वाजेल. तुम्हाला जे हवंय ते वीस मिनिटांत मिळेल असं मला वाटत नाही.

दुसरा, सार्वजनिक बस. मी काही वर्षांपूर्वी तिथे चार दिवस होते तेव्हा बाथशेबाला बसनंच गेले, आणि त्या चार दिवसांतली ती सगळ्यात चांगली सकाळ होती. सरकारी बस निळ्या, पिवळ्या पट्ट्याच्या. खासगी मिनीबस पिवळ्या. आणि पांढऱ्या रंगाच्या, तांबड्या पट्ट्याच्या व्हॅन, त्यांच्या नंबरप्लेटवर ‘झेडआर’ अक्षरं असतात म्हणून त्यांचं नावच झेडआर पडलंय. कुठेही जा, तिकीट सारखंच, साडेतीन बार्बेडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुट्टे मोजून द्यावे लागतात. थांब्यांवर ‘टू सिटी’ आणि ‘आउट ऑफ सिटी’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे चुकण्याची भीती कमी. एसटीनं वाड्यावस्त्या पालथ्या घातलेल्या बाईला हे काहीच अवघड नाही. पण मी त्या रात्री बेटावरच राहणार होते. परतीची बस तासभर आली नाही तेव्हा मी एका भिंतीवर बसून राहिले, माझं काही बिघडलं नाही. तुमचं बिघडू शकतं. ज्या वाचकांचा मुक्काम दोन-तीन दिवसांचा असेल त्यांनी बसनं जरूर फिरावं. तुम्ही त्या दिवशी नको.

तिसरा मार्ग टॅक्सीचा, आणि तुमच्यासाठी मी हाच निवडते. टॅक्सीच्या नंबरप्लेटवर ‘झेड’ हे एकच अक्षर असतं. मीटर नसतं. भाडं बसण्याआधी ठरवायचं, आणि ठरवताना एक प्रश्न विसरायचा नाही: कुठले डॉलर? एक अमेरिकी डॉलर म्हणजे दोन बार्बेडोस डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. दोन्ही चलनं चालतात, त्यामुळे ‘शंभर’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. ‘बाथशेबाला जायचं, तिथे दोन तास थांबायचं, परत येऊन केन्सिंग्टन ओव्हलपाशी सोडायचं, सगळं मिळून किती, अमेरिकी की बार्बेडोसचे?’ हे एका कागदावर इंग्रजीत लिहून ठेवा आणि उत्तराचा आकडाही त्यांच्याकडूनच त्यावर लिहून घ्या. टॅक्सी बंदराच्या इमारतीतल्या अधिकृत रांगेतूनच घ्या. पैसे शेवटी द्या. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून मुलाला पाठवा आणि चालकाला दिसेल असा काढा. त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

खर्च होईल, पण कॅटामरानचं तुमच्या वाट्याचं तिकीटही स्वस्त नसतं. ते रद्द करून मिळतील ते पैसे इकडे वळवा आणि उरलेले तुमच्या पेन्शनमधून घाला. मुलाला ‘याचा खर्च माझा’ असं सांगा. त्यानं बोलणं सोपं होतं, हा माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांचा अनुभव आहे.

इंग्रजीचं म्हणाल तर तिथल्या लोकांचं आपसातलं बोलणं, त्यांची बेजन बोली, अस्खलित इंग्रजी येणाऱ्यालाही पहिल्या दिवशी कळत नाही. तुम्ही तिथे सगळ्यांच्या बरोबरीनंच सुरुवात कराल. ते तुमच्याशी बोलतील तेव्हा सावकाश आणि साधं बोलतील. तुम्हाला एकच गोष्ट करायचीय: कुणालाही काहीही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, दुपारनंतर ‘गुड आफ्टरनून’. त्या सकाळी बसमध्ये चढणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सगळ्या बसला उद्देशून ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होता आणि बस उत्तर देत होती. तिथे अभिवादन न करता थेट ‘हे कुठे आहे?’ विचारणं उद्धटपणाचं समजतात. वर्गात शिरताच एका सुरात ‘नमस्ते बाई’ ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला ही रीत आवडेल.

आता बाथशेबाबद्दल थोडं सविस्तर, कारण दोन रेघा तुम्ही मारल्या आहेत. नकाशात अँटिलीजच्या बेटांची कमान असते ना, बार्बेडोस त्या कमानीच्या बाहेर, पूर्वेला एकटं पडलेलं आहे. कमानीतली शेजारची बेटं ज्वालामुखीची, डोंगराळ. हे तसं नाही. समुद्रतळाचा गाळ वर उचलला गेला आणि त्यावर प्रवाळाच्या चुनखडीचं टोपण बसलं. बेटाचा सुमारे ८५ टक्के भाग या चुनखडीखाली आहे. पावसाचं पाणी तिच्यातून गाळून खाली साठतं, म्हणून तिथे नळाचं पाणी पिता येतं. जहाजावरून बाटली भरून घ्या, संपली तर कुठेही भरा. बाथशेबा ज्या भागात येतं त्या स्कॉटलंड डिस्ट्रिक्टमध्ये हे टोपण झिजून गेलंय आणि खालची माती, गाळाचे खडक उघडे पडलेत. त्यामुळे ब्रिजटाउनहून निघाल्यावर सपाट उसाची शेतं लागतात, आणि मग रस्ता एकदम घसरणीला लागतो, तिथे जमीन बदललेली तुमच्या लक्षात येईल. चालकालाही कदाचित ती तुम्हीच दाखवाल.

किनाऱ्यावर प्रवाळखडकाचे प्रचंड धोंडे पाण्यात उभे आहेत. लाटांनी त्यांचे बुंधे कुरतडून ते अळंबीसारखे झालेत. समोर पूर्वेला मध्ये एकही मोठं बेट नाही, थेट आफ्रिका. अक्षांश साधारण १३ उत्तर, म्हणजे चेन्नईचाच. वारा सतत ईशान्येकडून. काठावरची झाडं त्यानं जमिनीकडे वाकवून एका बाजूला विंचरल्यासारखी केली आहेत. तुम्ही फळ्यावर काढलेला बाण तिथे झाडांच्या रूपात उभा आहे. एका बाकावर बसा. मोबाइल पिशवीत ठेवा. दोन तास पुष्कळ वाटतील, पण मला ते कमी पडले होते.

पाण्यात मात्र घोट्यापुढे जाऊ नका. तिथल्या लाटांवर जगभरचे लाटस्वार येतात, त्या ठिकाणाचं नाव ‘सूप बोल’. खालून ओढणारा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. ओहोटीला खडकांमध्ये पाण्याची उथळ डबकी उरतात, त्यांच्या कडेला बसून पाय भिजवता येतात. खडक शेवाळी असतात, गुडघ्यासाठी पट्ट्याच्या, न घसरणाऱ्या चपला घाला.

किनाऱ्याच्या रस्त्यावर एक जुना रेल्वेमार्ग होता. १८८१ मध्ये ब्रिजटाउनहून गाडी सुरू झाली आणि १९३७ मध्ये बंद पडली. समुद्र रुळ खात राहिला, हे तिच्या अडचणींपैकी एक. आता तिच्या मार्गाचा काही भाग पायवाट म्हणून वापरात आहे. पाय साथ देत असतील तर तिच्यावर अर्धा किलोमीटर चालून या, जास्त नको.

स्वच्छतागृहाचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बाथशेबाला रस्त्याकडेला खाण्याची ठिकाणं आहेत, बसून सरबत घेतलं की सोय होते. परतीला निघण्याआधी जाऊन या. आपल्याकडच्या कितीतरी बायका या एका भीतीनं दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येऊन बसतात. तेराव्या अक्षांशाचं ऊन वाऱ्यामुळे जाणवत नाही, पण भाजतं. टोपी आणि पाणी.

जेवणाचं तुम्ही शाकाहारी म्हणून विचारलंय. तिथला राष्ट्रीय पदार्थ कूकू आणि उडते मासे. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून, गुठळी होऊ न देता लाकडी दांड्यानं घोटलेली घट्ट उकड. मासे नको म्हटलं तर नुसती कूकू मिळते का विचारून बघा, पण वरचा रस्सा माशांचा नाही ना ते पाहा. मॅकरोनी पाय सगळीकडे मिळतो, त्यात अंडं असू शकतं. भातात शिजवलेले दाणे दिसले तर ओळख पटेल: ती आपली तूर. तो भात शिजवताना कधी कधी खारवलेलं मांस घालतात, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. तळलेली केळी आणि नीरफणस निर्धास्त खा. कोकणात नीरफणसाच्या कापांना रवा लावून तव्यावर टाकतात, तोच हा. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर जहाजावरून न्याहारी भरपेट करूनच उतरा, आणि केबिनमधली दोन फळं पिशवीत नेऊ नका. बहुतेक बेटांवर फळं उतरवू देत नाहीत. बंद पाकिटातली बिस्किटं चालतात.

वाटेत लाकडाची लहान, रंगीत घरं दिसतील, दगडांच्या ढिगावर ठेवल्यासारखी. ती खरंच ठेवलेली असायची. १६४० च्या दशकात इथे ऊस आला आणि त्याबरोबर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, खरी सुटका १८३८ मध्ये झाली. पण जमीन मळेवाल्यांचीच राहिली. मळेवाल्यानं हुसकलं तर सुटं करून गाडीवर घालून नेता यावं, म्हणून ही घरं खिळ्यांशिवाय जोडत. त्यांना चॅटल हाऊस म्हणतात. शहराकडे येताना एका मोठ्या चौकात हात उंचावलेल्या, तुटक्या साखळ्यांच्या माणसाचा पुतळा आहे. १८१६ च्या उठावाचा नेता बुसा याच्या नावानं लोक तो ओळखतात. चालकाला तिथून न्यायला सांगा. समुद्र सुंदर आहे, पण त्या चौकातून गेल्याशिवाय हे बेट बघितलं असं मला म्हणवत नाही. आणि बार्बेडोस हे नावच पोर्तुगिजांनी दिलंय, दाढीवाले या अर्थाचं. तिथल्या एका झाडाच्या लोंबत्या मुळ्यांवरून ते पडलं असं मानतात. झाड वडाच्या कुळातलं, दाढी म्हणजे पारंब्या.

आता ओव्हल. ते बंदरापासून जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहे, म्हणून दिवसाच्या शेवटी ठेवलं तरी जीव टांगणीला लागत नाही. त्या रात्रीचा सामना आपल्याकडे आठला सुरू झाला आणि साडेअकराच्या सुमारास संपला. बार्बेडोस आपल्या साडेनऊ तास मागे. म्हणजे सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल घेतला आणि आपण सात धावांनी जिंकलो, तेव्हा तिथे दुपारचे दोन वाजत होते. बाथशेबाहून साडेबाराला निघालात तर तुम्ही त्याच सुमाराला मैदानापाशी पोचाल. मैदान आतून बघायला मिळेल की नाही हे त्या दिवशी तिथे काय चालू आहे यावर असतं. फाटकावर ‘गुड आफ्टरनून’ म्हणून भारतातून आल्याचं सांगा, सामन्याचं नाव घ्या. बोलायला माणूस मिळेलच. दार उघडलं नाही तरी बाहेर सर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, तिथे थांबा. रोहित शर्मानं त्या दिवशी खेळपट्टीवरचं गवत तोंडात घातलं होतं ते तुम्ही दोघांनी पाहिलं असेल. आणखी एक, कदाचित यजमानांनी सांगितलेलं: १९७१ च्या दौऱ्यात अजित वाडेकरांच्या संघाचा चौथा कसोटी सामना याच मैदानावर झाला. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १५० काढले, दुसऱ्या डावात सुनील गावसकर ११७ वर नाबाद राहिले, सामना वाचला आणि पुढे मालिका आपण जिंकलो. तुमच्या यजमानांचं वय तेव्हा दहा-बारा असेल. मैदानाचं वेड तिथून आलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

तिथे रडू आलं तर येऊ द्या. एकटीनं जाण्याचं हेही एक कारण असेल, पत्रात तुम्ही लिहिलं नसलं तरी. बोटीवरच्या माणसांसमोर ते जमलं नसतं.

त्यानंतर अंगात त्राण असेल तर टॅक्सी शहरात सोडायला सांगा आणि सिनेगॉग बघा. १६५४ मध्ये स्थापन झालेलं, वादळात पडून १८३३ मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. शनिवार असेल तर सोडा, आणि रविवारी शहर बरंचसं बंद असतं. त्राण नसेल तर सरळ बंदरात जा.

मुलाला द्यायच्या कागदावर हे लिहा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवणार. फोनमध्ये बेटाचा नकाशा आधीच उतरवून घेणार, म्हणजे इंटरनेटशिवाय चालेल. जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या स्थानिक एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढणार. पोलीस २११, रुग्णवाहिका ५११. जहाजाचं कार्ड, पासपोर्टची प्रत आणि फोटो असलेलं ओळखपत्र कंबरेच्या पिशवीत. सोनं केबिनच्या तिजोरीत. बाथशेबाहून निघताना एक मेसेज, ओव्हलवर एक, जहाजात पाय ठेवल्यावर एक. मेसेज उशिरा आला तर किती वेळ वाट बघायची हेही दोघांनी आधी ठरवा, नाहीतर त्याचा दिवस फोनकडे बघण्यात जाईल. आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तर आजच बघायला सांगा. बार्बेडोसला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही.

दोन गोष्टी तिथल्याच. लष्करी ठिपक्यांचा कपडा, टोपी किंवा पिशवी नेऊ नका, सामान्य माणसानं ते वापरणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे. आणि किनाऱ्यावर हिरव्या छोट्या सफरचंदांसारखी फळं असलेलं झाड दिसलं तर लांब राहा. त्याचं नाव मँचिनील. फळ आणि चीक दोन्ही विषारी, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी कातडी भाजते. बऱ्याचदा खोडावर तांबडा पट्टा मारलेला असतो.

विहीणबाईंचं राहिलं. त्या काय म्हणतील याचा अंदाज तुम्ही बांधलाय, पण त्यांना विचारलेलं नाही. त्यांना पोहता येतं का? नसेल तर त्याही टॉवेल सांभाळतच बसणार आहेत. त्यांनी ‘मीही येते’ म्हटलं तर काय, हे मात्र आधी ठरवून ठेवा. ‘पुढच्या बेटावर आपण दोघी उतरू, हा दिवस मला एकटीला हवाय’ असं प्रेमानं सांगता येतं, आणि सांगितल्यावर पुढच्या बेटावर त्यांना खरोखर घेऊन जा.

मुलाशी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर बोलू नका, आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी त्याला एकट्याला फोन करा. फोन ठेवण्याआधी कॅटामरानचं तुमचं तिकीट किती दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं, ते त्याला बघायला सांगा.